पावसाळी ट्रेकला जीन्स नकोच
पावसात कळसूबाई शिखरावर जीन्स चालेल का, असं कुणीतरी विचारलंय आणि त्यावर 'सुतीच बरं' असा सल्ला आलाय. उन्हाळ्यात सुती खरंच छान. पण पावसात सुती धागा पाणी पिऊन बसतो, वाळता वाळत नाही, आणि १६४६ मीटरवरच्या वाऱ्यात ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स तर जड होऊन गुडघ्याला चिकटते, वाटेतल्या शिड्यांवर पाय उचलवत नाही.

मी पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि नायलॉनची पॅंट घालते. पिळून झटकलं की चालता चालता वाळतात. (पॉलिएस्टरला घामाचा वास लवकर धरतो, तेवढं सोसायचं.) मोजे लोकरीचे, ओले झाले तरी ऊब देतात. सुती कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या, पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर बदलायला.