प्लॅटीकर्टिक: सपाट की आखूडशेपट्या?

संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘प्लॅटीकर्टिक’ हा शब्द भेटला. ‘सपाट आलेखाचे वितरण’ एवढाच अर्थ दिलाय (वितरण म्हणजे कुठले आकडे किती वेळा येतात त्याची मांडणी). शब्द आला कुठून आणि मराठीत काय म्हणावं?

* * *

मुळं ग्रीक, पण शब्द ग्रीकांचा नव्हे; 1905 साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी घडवलेला. ‘प्लातुस’ म्हणजे रुंद, पसरट. ‘कुर्तोस’ म्हणजे फुगीर, बाक आलेला. भावंडं दोन: निमुळता तो लेप्टोकर्टिक, मधला (घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणासारखा) मेसोकर्टिक.

‘प्लातुस’ आपल्याला परका नाही बरं का. संस्कृत ‘पृथु’ त्याचा सख्खा भाऊ, ज्यावरून पृथ्वी. प्लॅटिपस हा प्राणीही त्याच घरातला, नावाचा अर्थ सपाट पायांचा.

वितरणाचा हा गुण आकड्यात मोजतात, तो कर्टोसिस. हिंदीत त्याला ‘ककुदता’ म्हणतात. ककुद म्हणजे बैलाचं वशिंड! ‘कुर्तोस’ला याहून चपखल काय मिळणार? मग आपण ‘पृथुककुदी’ म्हणू.

* * *

पृथुककुदी? जीभ अडखळते हो. सरळ ‘सपाट वितरण’ म्हणा की.

* * *

गोची तिथेच आहे. कर्टोसिस काढताना सरासरीपासूनच्या अंतरांचे चौथे घात करतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिला प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) चौथ्या घाताने भागतात. चौथ्या घातामुळे लांबवरचे आकडेच उत्तर ओढून नेतात. शिखराजवळच्यांना कोणी विचारत नाही. नॉर्मलला 3 येतात, त्याहून कमी ते प्लॅटीकर्टिक. एकसमान वितरणाला 1.8, ते खरोखरच सपाट. पण नाणेफेकीला (छापा 1, काटा 0 धरून) येतो 1, शक्य तितका कमी, आणि तिथे सपाट काय आहे? नुसते दोन खांब! किंवा 0 ते 1 मधला कुठलाही आकडा सारख्याच शक्यतेने उचला आणि त्याचा वर्ग करा. या वर्गांचा आलेख 0 जवळ आभाळाला भिडतो, तरी उत्तर साधारण 2.14. म्हणजे हाही प्लॅटीकर्टिकच.

‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1927 मध्ये गंमत म्हणून प्लॅटिपस आणि दोन कांगारू काढले होते. आलेखाच्या दूरवरच्या टोकांना शेपटं म्हणतात; प्लॅटिपसचं शेपूट आखूड, तसं प्लॅटीकर्टिकचं, आणि कांगारूंची लांब, तशी लेप्टोकर्टिकची. पिअर्सननी वशिंडाकडे पाहिलं, गॉसेटनी शेपटाकडे.

* * *

मग ‘आखूडशेपट्या’च म्हणावं का?

* * *

वर्गात शिकवताना खुशाल म्हणा. परिभाषेत मात्र माझं मत पृथुककुदीलाच. जीभ वळेल हळूहळू.