नकाशावरची नावं पुरत नाहीत

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरल्या जागांची नावं जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून उतरवून घेतली की नोंदणीचं काम संपलं, असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. मुळात नकाशातलं स्पेलिंगच फसवतं. कड्यांमधल्या अरुंद खाचेला तिथे 'ग्यो' म्हणतात, नकाशावर मात्र 'geo' छापलेलं, जिऑलॉजीतल्या 'जिओ'सारखं! मूळ शब्द 'ग्या', नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांच्या जुन्या भाषेतला.

म्हणूनच याकोब याकोबसेनचं काम मोलाचं. हा फेरो बेटांवरचा भाषातज्ज्ञ १८९३ ते १८९५ शेटलंडमध्ये राहिला आणि नावं लोकांच्या तोंडून ऐकून उच्चारासकट टिपली. स्वतःची भाषा नॉर्सचीच लेक, त्यामुळे त्याचा कान तयार होता. उदाहरणार्थ, शेटलंडचं मुख्य शहर लेरविक: नावाचा अर्थ चिखलाचा उपसागर. अगदी हेच नाव, लेयरविक, फेरोतही आहे.

किनाऱ्यावर नावं इतकी दाट का, तर मासेमारी. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या, तशीच दुसरी जोडी जुळली, की होडी नेमकी कुठे आहे ते कळायचं. या खुणांना तिथे 'मीथ' म्हणतात. असली कितीतरी नावं फक्त कोळ्यांच्या तोंडी. त्यामुळे आधी म्हाताऱ्या कोळ्यांचं रेकॉर्डिंग करावं, व्युत्पत्ती नंतर बघता येते.

आणि सरसकट सगळंच नॉर्स ठरवू नका. अन्स्ट, येल ही खुद्द बेटांची नावं बहुधा नॉर्स लोक येण्याआधीची आहेत.