असली भन्नाट घरं बघायला छान, पण कपाट कुठे ठेवायचं?

ठाकुर्लीची_वैनी

नमस्कार मंडळी. मुलगी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकते, तिच्याकडे मे महिन्यात आम्ही दोघं जाऊन आलो. एका शनिवारी ती म्हणाली चला रॉटरडॅमला, ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं, ब्लाक स्टेशनला उतरून वर आलो आणि समोर ती पिवळी घरं! फोटोत पाहिली होती मी आधी, पण फोटोत कळतच नाही हो, एकेक अख्खं घर खांबावर टोकावर उभं केलंय, फासा बोटावर तोलून धरावा तसं, आणि अशी ओळीने कितीतरी, एकाला एक लागून, आणि त्यांच्या खालून लोक आरामात सायकल हातात धरून चाललेत. मी तर तिथेच उभी राहिले दहा मिनिटं.

त्यातलं एक घर तिकीट काढून आत जाऊन बघता येतं, तिथे गेलो. जिना अरुंद, आत गेल्यावर एकही भिंत सरळ नाही. छान वाटत होतं, उजेड भरपूर, पण माझ्या डोक्यात एकच, की हे लोक कपाट कुठे ठेवत असतील? सत्तावीस वर्षं मी वन बीएचकेत संसार केलाय, माझ्यासाठी भिंत म्हणजे कपाट, देवघर, कॅलेंडर, फोल्डिंगची खाट उभी करायची जागा. भिंतच तिरकी झाली तर संसार मांडायचा कुठे? ह्यांचं म्हणणं की हे प्रदर्शनापुरतं असणार, खरं कोणी राहत नसेल. मला तसं वाटत नाही कारण खिडक्यांत कुंड्या होत्या, एके ठिकाणी मांजर बसलेली होती.

तर विचारायचं असं की तिथे खरंच वर्षानुवर्षं माणसं राहतात का, आणि असं तिरकं बांधायची कल्पना का काढली असेल कोणी? आणि जगात अशी अजून घरं असतील तर तिथे राहणाऱ्यांचं पुढे काय झालं, तेही कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज. बाहेरचे फोटो ढिगाने मिळतात, आतल्या माणसांचं कोणी लिहीत नाही.

मासनदीकाठी

वैनी, राहतात तर! मी रॉटरडॅममध्ये नऊ वर्षं आहे आणि आमच्या ऑफिसातली एक बाई तिथेच राहते, तुम्ही म्हणता ती मांजर तिचीसुद्धा असू शकेल :)

ही घरं पीट ब्लोम नावाच्या आर्किटेक्टची, १९८४ साली पूर्ण झाली. छोटी ३८ आणि दोन मोठी. मोठ्यातल्या एकात आता यूथ हॉस्टेल आहे, पुढच्या वेळी तिथे एक रात्र राहाच, आम्ही मुलांना घेऊन राहिलो होतो, मुलं अजून त्याच्या गोष्टी सांगतात.

कल्पना का काढली ते सांगायचं तर आधी हे शहर बघायला लागेल. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले आणि रॉटरडॅमचा जुना मध्यभाग जवळजवळ सगळा जळून गेला. ॲमस्टरडॅमला जशी कालव्याकाठची जुनी घरं दिसतात तशी इथे म्हणूनच नाहीत. युद्धानंतर जे बांधलं ते रुंद रस्ते, सरळ इमारती, ऑफिसं, दुकानं, आणि संध्याकाळी मध्यभाग ओस पडायला लागला. मग सत्तरच्या दशकात ठरलं की इथे परत माणसं राहायला आणायची. ब्लोमला जी जागा दिली तिच्यातून वाहता मोठा रस्ता जातो, त्याच्यावरून पायी जायचा पूल हवा होता आणि त्या पुलावरच घरं बसवायची होती. तुम्ही ज्याच्यावर उभं राहून बघत होता ना, तो पूलच आहे, खालून गाड्या जातात!

त्याच्या मनात झाड होतं. खांब म्हणजे खोड, वरचा घन म्हणजे झाडाचा डेरा, आणि असे कितीतरी जवळजवळ म्हणजे जंगल. खोडाला जागा कमी लागते म्हणून जमीन सगळ्यांसाठी मोकळी राहते आणि घर वर पसरतं. हेल्मोंड नावाच्या गावात त्याने आधी हे बांधून बघितलं होतं, मग इथे.

आत तीन मजले. खालच्यावर बसायची खोली आणि ओटा, त्याला तो रस्त्याचं घर म्हणायचा कारण तिथल्या खिडक्या खाली झुकलेल्या, रस्ता दिसतो. मधल्यावर झोपायच्या खोल्या नि बाथरूम, ते आकाशाचं घर. आणि अगदी वर तिन्ही बाजूंनी निमुळती होत गेलेली छोटी खोली, तिथे कोणी झाडं ठेवतं, कोणी मुलांना खेळायला देतं.

आता कपाट. एकूण जागा साधारण १०० चौरस मीटर, पण तिरक्या भिंतींमुळे त्यातली पाव जागा वापरताच येत नाही. विकतचं कपाट कुठेच बसत नाही. आमच्या ऑफिसातल्या बाईंनी सगळं सुताराकडून बेतून घेतलंय, भिंतीच्या उताराखालची जी सांदी असते तिथे खणच खण, आपल्याकडे पोटमाळ्यावर करतात तसे. त्या म्हणतात पहिलं वर्षभर डोकं आपटत होतं, मग अंगाला सवय झाली, आता सरळ भिंतींच्या घरात गेलं की त्यांना कोंडल्यासारखं होतं.

आणि ते तिकिटाचं घर आहे ना, त्याची गोष्ट अशी सांगतात की सुरुवातीला इतके लोक दारात येऊन आत डोकवायचे की शेवटी एका घरमालकाने आपलं घरच बघायला उघडून दिलं.

भूमिती_शिकवतो

मी नववी-दहावीला भूमिती शिकवतो. वैनी, एक बटाटा घ्या, त्याचा सुरीने नीट चौकोनी घन कापा आणि एका कोपऱ्यावर उभा धरा, म्हणजे एक कोपरा बरोबर खाली आणि त्याच्या समोरचा बरोबर वर. आता बरोबर मध्यावर आडवा काप द्या. चौकोन मिळणार नाही, सहा सारख्या बाजूंचा षटकोन मिळेल! खालच्या टोकाजवळ कापलात तर त्रिकोण, वरच्या टोकाजवळ परत त्रिकोण. तुम्ही त्या घरात ज्या तीन मजल्यांवर फिरून आलात ते म्हणजे हेच काप. दरवर्षी वर्गात मी हे करून दाखवतो, आणि पोरांचे डोळे ज्या क्षणी मोठे होतात ना, त्यासाठीच शिकवावंसं वाटतं.

कोपऱ्यावर उभ्या केलेल्या घनाचं प्रत्येक पृष्ठ, म्हणजे भिंत, जमिनीशी सुमारे ५४.७ अंशांचा कोन करते. खालच्या अर्ध्यात भिंत वर जाताना तुमच्यापासून लांब जाते, म्हणजे पायाशी अडचण आणि डोक्याशी ऐसपैस. वरच्या अर्ध्यात उलट, भिंत डोक्यावर येते. तुमचं कॅलेंडर खाली टांगलंत तर भिंतीच्या उतारावर आडवं पडून राहील आणि वर टांगलंत तर हवेत लोंबकळेल. त्या बाईंचं डोकं बहुतेक झोपायच्या मजल्यावर आपटत असणार.

काँक्रीट_आणि_कांदेपोहे

धागा आवडला. मी पुण्यात स्ट्रक्चरल कामं करतो, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तोक्योच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरबद्दल सांगतो, कारण ते मी २०१४ ला बाहेरून पाहिलं होतं आणि आता ते नाहीये.

किशो कुरोकावा हा आर्किटेक्ट, १९७२ साल. दोन काँक्रीटचे मनोरे आणि त्यांना बाहेरून अडकवलेल्या १४० कॅप्सूल, म्हणजे कारखान्यात तयार करून आणलेल्या खोल्या, प्रत्येकीला मोठी गोल खिडकी, लांबून वॉशिंग मशीन एकावर एक रचल्यासारखं दिसायचं. खोली किती, तर साधारण दहा चौरस मीटर, त्यातच बेड, टेबल, टेप, टीव्ही भिंतीत बसवलेला, विमानातल्यासारखं बाथरूम. नोकरदार माणसाला रात्री उशीर झाला की शहरात टेकायला जागा, असा हिशोब होता. खरी कल्पना पुढे आहे. प्रत्येक कॅप्सूल मनोऱ्याला फक्त चार मोठ्या बोल्टांनी धरलेली, आणि दर पंचवीस वर्षांनी जुनी काढून नवी बसवायची. झाडाची पानं गळून नवी येतात तशी इमारत जिवंत राहील, असं कुरोकावा आणि त्याच्या साथीदारांचं स्वप्न होतं.

एकसुद्धा कॅप्सूल कधी बदलली गेली नाही. का? तर प्रत्येक कॅप्सूलचा मालक वेगळा, सगळ्यांचं एकमत आणि सगळ्यांचे पैसे एका वेळी जमणार कसे (ज्यांनी सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा केल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको). आणि दुसरं कारण आमच्या धंद्यातलं, ते मला जास्त लागतं. कॅप्सूल इतक्या जवळजवळ लावलेल्या की मधली एक काढायची तर तिच्या वरच्या आधी काढायला लागायच्या. कागदावर बोल्ट सुटत होता, प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत माणूस आणि पाना पोचला पाहिजे ना! पाणी गळायला लागलं, पाइप कुजले, आत ॲस्बेस्टॉस (तब्येतीला घातक), २०१० मध्ये गरम पाणी बंद झालं. तरीसुद्धा काही माणसं तिथे राहत होती, जीव लावून राहत होती, आणि इमारत वाचवायला धडपडत होती. २०२२ ला पाडली. त्या लोकांच्या धडपडीमुळे २३ कॅप्सूल वाचल्या, दुरुस्त करून काही म्युझियममध्ये गेल्या.

मी खाली उभा होतो तेव्हा एका खिडकीत वाळत घातलेला शर्ट दिसला होता. तो अजून आठवतो.

त्याच्या उलट कॅनडात माँट्रिअलचं हॅबिटॅट ६७ हे घरांचं संकुल. मोशे सफदी, विद्यार्थी असतानाच्या प्रबंधातून निघालेलं डिझाईन, १९६७ च्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं. ३५४ काँक्रीटचे खोके एकमेकांवर वेडेवाकडे रचलेले, पण त्यात साधी युक्ती अशी की खालच्याचं छत म्हणजे वरच्याची बाग. लोक आजही आनंदाने राहतात. मात्र स्वस्तात घरं मिळावीत म्हणून जे काढलं ते आता चांगलंच महाग झालंय.

साधाच_प्रश्न

सगळं वाचलं, माहिती छान आहे. पण मला मनापासून वाटतं की हे सगळं ज्यांच्याकडे आधीच छप्पर आहे त्यांचं चाललंय. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्यांना तिरकी भिंत नि गोल खिडकी काय करायची? चांगल्या आर्किटेक्टने डोकं लावायचं तर तिथे लावावं.

बेलापूरची_पोर

@साधाच_प्रश्न, तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच लिहितेय. असं डोकं लावलेल्या वस्तीतच मी वाढलेय, नवी मुंबईत बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. सिडकोसाठी चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेलं. हेच कोरिया ज्यांनी कुंबाला हिलवर कांचनजंगा बांधली, १९८३ ची ती उंच इमारत जिच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजली गच्च्या कोरून काढल्यासारख्या दिसतात. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो आणि रणरणतं ऊन नि पाऊसही तिकडूनच, म्हणून जुन्या बंगल्याला भोवती व्हरांडा असायचा, तोच व्हरांडा त्यांनी उंच नेला. ती श्रीमंतांचीच हे मान्य.

पण बेलापूरला त्याच माणसाने छोट्या लोकांसाठी बैठी घरं केली. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे तीन घोळके मिळून त्यांचं मोठं अंगण, असं वाढत जातं. आणि मुख्य म्हणजे कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, प्रत्येकाची आपापली, म्हणजे हातात पैसा येईल तसं शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवायचं. आमच्या बाबांनी आधी एक खोली वाढवली, मग ताईच्या लग्नाच्या आधी वरचा मजला. शेजारच्या काकांनी तर सगळं पाडून नवीनच बांधलं. आज तिथे गेलात तर मूळ कौलारू घरं फार थोडी दिसतील आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात ते हळहळतात. मला तसं वाटत नाही. तोक्योत जे व्हायचं होतं आणि झालं नाही ते आमच्या गल्लीत झालं की. अंगण मात्र कोणी बुजवलं नाही, आमच्या अंगणात अजून संध्याकाळी खुर्च्या निघतात.

आणि दिसायला भन्नाट पण सरकारी भाड्याचं असं हवं असेल तर व्हिएन्नाचं हुंडरटवासरहाउस बघा, १९८५ चं, नगरपालिकेची घरं आहेत. रंगीबेरंगी, काही ठिकाणी जमीनसुद्धा उंचसखल, गच्चीवर आणि खिडक्यांतून झाडं. ते ज्याच्या कल्पनेतलं त्या हुंडरटवासर नावाच्या चित्रकाराचं म्हणणं होतं की भाडेकरूने खिडकीतून हात बाहेर काढून जिथपर्यंत हात पोचेल तिथपर्यंतची भिंत आपल्या मनासारखी रंगवावी, तो त्याचा हक्क. आमच्या बाबांना हे सांगितलं तर म्हणाले माणूस समजूतदार होता.

ठाकुर्लीची_वैनी

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांना सगळं वाचून दाखवलं. आणि सर, बटाटा कापला. पहिल्यांदा नीट नाही आला, दुसऱ्यांदा मोठा बटाटा घेतला आणि खरंच षटकोन! मी लगेच फोटो काढून मुलीला पाठवला. आता मला ते घर पूर्ण समजलं असं वाटतंय. बेलापूरची_पोर, ठाकुर्लीहून ठाण्याला गाडी बदलली की बेलापूर, मी इतकी वर्षं इथे राहून तुमच्या वस्तीबद्दल ऐकलं नव्हतं याचं वाईट वाटलं, येत्या रविवारी जाऊन बघणार, चालेल ना असं आत फिरलेलं?

मासनदीकाठी, डिसेंबरात सासूबाईंना घेऊन परत जायचंय, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना त्या पिवळ्या घरात चढवता येईल का?

बेलापूरची_पोर

चालेल काय, या नक्की! संध्याकाळी पाचनंतर या म्हणजे अंगणात माणसं भेटतील. कोणाच्या दारातून आत वाकू नका एवढंच, विचारलंत तर लोक स्वतःहून चहाला बसवतात.

मासनदीकाठी

वैनी, गुडघे दुखत असतील तर आत नका नेऊ, जिना अरुंद आणि उभा आहे, वरपर्यंत तीन मजले चढायचे. त्यांना खालच्या अंगणात बसवा, तिथूनही छान दिसतं. मग रस्ता ओलांडून समोर मार्कटहालमध्ये न्या, मागच्या वेळी शनिवारी गेला होतात म्हणजे बाहेरच्या बाजाराच्या गर्दीत बहुतेक राहून गेलं असेल. २०१४ ला उघडलं, घोड्याच्या नालासारखी भली मोठी कमान, खाली भाजी, मासे, चीजचा बाजार आणि कमानीतच २२८ फ्लॅट, काहींच्या खिडक्या थेट बाजारावर उघडतात. वर बघितलं की सगळ्या छतभर फळं-फुलं-मासे छापलेले, ११,००० चौरस मीटर चित्र आहे. बसायला जागा आहे, सगळं एका पातळीवर, डिसेंबरच्या थंडीत आत ऊबही असते. आजींना वर बघत बसू दे, तुम्ही तेवढ्यात पिवळ्या घरात परत एक चक्कर मारून या.