मदत हवी आहे : मानवी हक्क शिकवायला सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. पदवीच्या पहिल्या वर्षाला मानवी हक्क हा विषय नव्याने शिकवायचा आहे. कला, विज्ञान, वाणिज्य अशा सगळ्या शाखांची मुलं एकाच वर्गात असतील.

नेहमीचा क्रम म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, मग १९६६ चे दोन करार (एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा), मग आयोग आणि समित्या. या वाटेने गेलं की मुलं ३० कलमं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, असं मला वाटतं. त्याऐवजी एखाद्या वादापासूनच सुरुवात करावी असा विचार आहे. छळापासून मुक्ततेचा हक्क युद्धातसुद्धा स्थगित करता येत नाही. अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर मात्र कायद्याने मर्यादा घालता येतात. असा फरक का? यावर मुलं भांडतील, आणि त्यांनी भांडावंच. जाहीरनाम्याच्या कलम २४ मधला विश्रांतीचा हक्कही सहसा मागे पडतो. नोकरी करून शिकणाऱ्यांना तो लगेच भिडेल.

खरी अडचण पुढे आहे. वर्गात कुणी स्वतः अन्याय सोसलेला असू शकतो. त्याला उघडं न पाडता चर्चा कशी चालवायची? आणि ‘हे हक्क पाश्चात्त्यांचे’ असा आक्षेप आला, तर जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलेल्या भारताच्या हंसा मेहता, चीनचे पेंग चुन चांग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांच्याबद्दल सांगेन. पण तेवढ्याने भागेल का?

ज्यांनी हा विषय शिकवलाय त्यांनी पहिल्या दोन-तीन तासांत नेमकं काय घेतलं ते कृपया सविस्तर लिहा. लेखी परीक्षेऐवजी वेगळं मूल्यमापन केलं असेल तर तेही हवंय.