आई-बाबांना नेण्यासाठी अमेरिकेपेक्षा कॅनडा सोपा?

गडवाट
परदेशी निघालेली मुलं कॅनडा की अमेरिका ठरवताना हमखास म्हणतात, "कॅनडात आई-बाबांनाही नेता येतं, शिवाय दवाखाना फुकट." या भरवशावर निर्णय घेऊ नका.

कॅनडाच्या, पालकांना कायमचं नेण्याच्या योजनेत थेट अर्ज करता येत नाही. आधी नुसती इच्छा नोंदवायची, मग सोडतीत नाव लागलं तर अर्ज. ही नोंदणी शेवटची उघडली ऑक्टोबर २०२० मध्ये. २०२५ पर्यंतची सगळी बोलावणी त्याच यादीतून गेली. २०२५ मध्ये १७,८६० जणांना बोलावलं आणि अर्ज घेणार होते १०,०००. नंतर पोचलेल्यांचं त्या यादीत नावच नाही! शिवाय क्वेबेक सोडून इतरत्र मुलाला २० वर्षं पालकांच्या खर्चाची हमी द्यावी लागते. उपचारांचा खर्च ठरलेल्या मर्यादेपुढे जाईल असं वैद्यकीय तपासणीत दिसलं, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो.

अमेरिकेत नागरिक झालेल्या, २१ वर्षं पूर्ण केलेल्या मुलाने किंवा मुलीने आय-१३० (नातेवाइकांसाठीचा अर्ज) भरून थेट सुरुवात करता येते. पालकांसाठी ना सोडत, ना वार्षिक कोटा.

रेवा
नागरिक होईपर्यंतचा काळ तुम्ही हिशेबात धरलाच नाही. अमेरिकेत नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डात (कायम वास्तव्याचा परवाना) कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे ईबी-२ मध्ये (उच्चशिक्षितांचा गट) भारतीयांचे २०१२-१३ मधले अर्ज २०२५ मध्ये निकाली निघत होते. ग्रीनकार्डानंतर नागरिकत्वासाठी साधारण ५ वर्षं आणखी. तोवर आई-बाबांचं वय काय झालं असेल?

कॅनडात पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मिळाल्यावर लगेच आई-बाबांना सुपर व्हिसावर (पालकांसाठीचा दीर्घ भेटीचा व्हिसा) बोलावता येतं. एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं आणि व्हिसा जास्तीत जास्त १० वर्षांचा मिळतो. अमेरिकेच्या बी-२ (पर्यटक व्हिसा) वर विमानतळावर बहुधा ६ महिने मिळतात. बाळंतपण, नातवंडं यांसाठी पालक हवे असतील तर कॅनडाच सरस, यात मला शंका नाही.

गडवाट
राहण्यापुरतं मान्य. पण सुपर व्हिसावर आलेल्यांना प्रांताचा आरोग्य विमा मिळत नाही. रुग्णालयाचं बिल त्यांच्यावर किंवा त्यांच्या खासगी विम्यावर. "फुकट"वाला समज इथे सर्वात महागात पडतो.

तांबडमाती
विम्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण घोळ इथेच होतात.

सुपर व्हिसाला खासगी आरोग्य विमा सक्तीचा आहे: किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण, प्रवेशापासून किमान १ वर्षाची मुदत. अर्जासोबत पैसे भरल्याचा पुरावा जोडायचा (हप्त्यांची सोय असेल तर पहिली रक्कम भरल्याचा). नुसतं कोटेशन चालत नाही. वैद्यकीय तपासणी इमिग्रेशनच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, नेहमीच्या फॅमिली डॉक्टरचं पत्र उपयोगाचं नाही. बोलावणाऱ्याच्या उत्पन्नाची मर्यादा काढताना त्याचं स्वतःचं कुटुंब आणि येणारे आई-बाबा अशी सगळी डोकी मोजायची.

आता पॉलिसीतला "स्थिर आजार" हा मुद्दा. बऱ्याच पॉलिसी बीपी-शुगरसारखा आधीचा आजार तेव्हाच धरतात, जेव्हा संरक्षण सुरू होण्याआधी ठरावीक काळ, कुठे ९० दिवस, कुठे १८०, त्यात काही बदल झालेला नसेल. बदल म्हणजे फक्त आजार वाढणं नव्हे. नवी गोळी, डोस वाढवणं, अनेक पॉलिसींत डोस कमी करणंसुद्धा. निघायच्या महिनाभर आधी "एकदा सगळं तपासून घेऊ" म्हणून डॉक्टरांकडे जातात, बीपीची गोळी ५ वरून १० होते, आणि तिकडे छातीत दुखलं की दावा फेटाळला जातो. तपासण्या प्रवासाच्या ७-८ महिने आधी उरका. तब्येतीने डोस बदलायची वेळ आलीच तर बदला, विम्यासाठी औषध अडवू नका, पण कंपनीला लेखी कळवून नवी अट मागा.

नेहमीची तपासणी, दात, चष्मा यांतलं बहुधा काहीच त्यात येत नाही. गोळ्या भारतातून प्रिस्क्रिप्शनसकट न्या.

रेवा
म्हणजे अट जाचक आहे, पण त्यामुळे विमा काढला तरी जातो. अमेरिकेच्या बी-२ ला विम्याची सक्तीच नाही. लोक स्वस्तातली ठरावीक रकमेची पॉलिसी घेतात, ती प्रत्येक उपचाराला मोजकीच रक्कम देते आणि उरलेलं मुलगा भरतो.

गडवाट
तरीही कायमचं राहायचं असेल तर अमेरिकाच. ग्रीनकार्डधारक पालकांना सरकारी विमा-बाजारात (मार्केटप्लेस) आजार न पाहता पॉलिसी मिळते.

टोकदार
६५ च्या पुढच्यांची मेडिकेअरची (अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) बाजू राहिली. तिथे स्वतः काम केलेलं नसेल तर आधी सलग ५ वर्षं वास्तव्य हवं, मग पैसे भरून घ्यायची: २०२५ मध्ये भाग अ ला (रुग्णालय) महिना ५१८ डॉलर, भाग ब ला (डॉक्टर) १८५. माणशी! ओंटारियोत पीआर झालेल्या पालकांना ओहिपसाठी (त्या प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) थांबावं लागत नाही, आणि ६५ नंतर यादीतली बरीचशी औषधंही थोडक्या पैशात मिळतात.

आणखी एक. अर्धं वर्ष पुण्यात घालवणाऱ्यांना ग्रीनकार्ड जड जातं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की प्रश्न विचारतात, री-एंट्री परमिटशिवाय (परतण्याची आगाऊ परवानगी) वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात. कॅनडाच्या पीआरला ५ वर्षांत ७३० दिवस पुरतात, सुपर व्हिसाला तर अशी अटच नाही. गडवाट, तुमचा सल्ला इथलं घर बंद करून जाणाऱ्या पालकांनाच लागू पडतो.