टाळेबंदीत मन रमेल असा छंद : घरातल्या ज्येष्ठांसाठी काही सुचवाल का?

नीलमोहर (पुणे), १६ एप्रिल २०२०

नमस्कार. परवा टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले आणि तेव्हापासून आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला आहे, तो येथे मांडते.

माझे सासरे, नाना, ७४ वर्षांचे आहेत. बँकेच्या हिशेब विभागातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस अगदी आखीव होता : पहाटे तळजाईच्या टेकडीवर फेरी, तेथे मित्रांचा कट्टा, परत आल्यावर वर्तमानपत्र आणि त्यातले शब्दकोडे, संध्याकाळी वाचनालय. यांतले सगळेच एकाच आठवड्यात बंद झाले. वर्तमानपत्रही येत नाही, हे त्यांना सर्वांत जास्त लागले आहे. पहिले २१ दिवस त्यांनी मोजून काढले, कारण त्यांना शेवट दिसत होता. मुदत वाढल्यावर मात्र ते गप्प झाले आहेत. सकाळी ९ आणि रात्री ९ वाजता दूरदर्शनवरचे रामायण बघतात आणि मधला वेळ खिडकीशी बसून असतात.

मुलीने त्यांना मोबाइलवरचे खेळ शिकवून पाहिले आणि स्वतःचे चित्रे रंगवायचे पुस्तकही दिले. त्यावर, "मला बालवाडीत घातलेस की काय?" एवढेच ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला पटते. वेळ कसाबसा ढकलण्याची साधने त्यांना नको आहेत. तुमच्यापैकी कोणाचे मन या दिवसांत खरोखर कशात रमले असेल, तर कृपया सविस्तर लिहा. दुकाने बंद असल्यामुळे विकत आणावे लागेल असे काही नको. नानांचे गुडघे दुखतात, पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे दृष्टी चांगली आहे.

तांबट (ठाणे), १६ एप्रिल २०२०

नाना खिडकीशी बसतातच, तर त्यांच्या हाती एक वही आणि पेन्सिल द्या.

मी गेली काही वर्षे पक्षी पाहतो, परंतु त्यासाठी दर रविवारी घरापासून दूर जात असे. या तीन आठवड्यांत सदनिकेच्या सज्जातून मला २३ जातींचे पक्षी दिसले आणि त्यांतले निम्मे तरी रोजचेच रहिवासी असावेत, हे कळल्यावर मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. सध्याचा काळ तर ऐन विणीचा आहे. दयाळ पहाटे उजाडायच्या आधीपासून गातो, नर कोकीळ दिवसभर ओरडतो आणि पांढुरक्या ठिपक्यांची तपकिरी मादी कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवून गुपचूप बसते. दुपारच्या उन्हात कासाराच्या हातोडीसारखा एका लयीत टुक्-टुक् आवाज येत असेल, तर तो तांबट. तो आवाज करताना प्रत्येक ठोक्याला मान हलवतो, त्यामुळे आवाज एकदा इकडून तर एकदा तिकडून आल्यासारखा वाटतो आणि पक्षी सापडत नाही. मला तो पहिल्यांदा दिसायला चार दिवस लागले होते.

माझ्या सज्जातल्या टांगत्या कुंडीत सध्या बुलबुलाचे घरटे आहे. ३ अंडी आहेत आणि ती उबायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून मी रोज सकाळी ठरावीक वेळी, लांबूनच, नोंद करतो. (घरट्याला हात लावू नये, फांद्या बाजूला करून छायाचित्र काढू नये, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते.) शहरात पक्षी परत आले, अशा अर्थाचे निरोप सध्या फिरत आहेत. मला ते तितकेसे खरे वाटत नाहीत. पक्षी होतेच, वाहनांचा गोंगाट थांबल्यामुळे आपल्याला आता ऐकू येत आहेत.

वाकळ (कराड), १७ एप्रिल २०२०

ताई, हे बायकांचे काम म्हणून नाना बाजूला सारतील, अशी शंका मनात ठेवूनच लिहीत आहे, पण आमच्या घरी माझे वडील या कामाला बसले आहेत.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. पूर्वी ती उन्हाळ्यातच शिवली जाई, कारण शेतातली कामे उरकलेली असत. माझ्या आईच्या ट्रंकेत आजीची तीन नऊवारी लुगडी होती. जरीच्या किंवा रेशमाच्या साडीपेक्षा धुऊन-धुऊन मऊ झालेले सुती लुगडे वाकळेला उत्तम. एक लुगडे खाली अंथरायचे, त्यावर जुन्या धोतरांचे, परकरांचे, चादरींचे तुकडे फरशी बसवल्यासारखे मांडत जायचे, वरून दुसरे लुगडे पसरायचे आणि चारी कडांना मोठे कच्चे टाके घालायचे. यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतले तुकडे एकावर एक चढू न देणे. तसे झाले तर तेथे गाठोडे होते, सुई जात नाही आणि पुढे अंगावर घेतल्यावरही ते टोचते. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असे धावदोऱ्याने शिवत यायचे. चार बाजूंना चार माणसे बसू शकतात. वडील दक्षिणेच्या बाजूला बसतात, कारण पंखा तेथे आहे.

दोऱ्याची अडचण आलीच. रीळ संपले आणि दुकान बंद. तेव्हा आईने पिठाच्या आणि साखरेच्या रिकाम्या पोत्यांची शिवण उसवून दोरा काढला. तो टोकाकडून योग्य बाजूने ओढला तर सरसर सुटतो, चुकीच्या बाजूने ओढला तर गुंता होतो. वडिलांनी आता तेच काम स्वतःकडे घेतले आहे.

पहिल्या दिवशी त्यांचे टाके बोटभर लांबीचे होते. आईने ते रात्री उसवले नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. आता त्यांचे टाके आईइतके बारीक नसले तरी सरळ असतात. रोज एक फेर पुरा करायचा असे त्यांनी ठरवले आहे. जेवणानंतर ते घड्याळाकडे न बघता वाकळेकडे बघतात.

स्पष्टवक्ता (नागपूर), १७ एप्रिल २०२०

थोडे वेगळे मत मांडतो, राग नसावा.

प्रत्येकाने या काळात काहीतरी नवे शिकलेच पाहिजे, असा जो आग्रह सगळीकडे दिसतो तो मला खटकतो. ज्यांचे काम सुटले, जे पायी गावाकडे निघाले, त्यांना हा प्रश्नच पडलेला नाही. आपल्याला पडतो हे आपले नशीब. दुसरे असे की, आपण लिहिलेल्या दिनक्रमातून वाचनालय आणि शब्दकोडे वजा केले तरी जे मुख्य उरते ते म्हणजे कट्टा. नानांना छंदाची उणीव आहे की माणसांची, हे आधी पाहावे.

माझे काका आणि त्यांचे एक मित्र गेले दहा दिवस फोनवर बुद्धिबळ खेळत आहेत. दोघांच्या घरी पट मांडलेला असतो. सकाळी एक जण खेळी सांगतो, दुसरा संध्याकाळी उत्तर देतो. दिवसाला एक खेळी, त्यापेक्षा जास्त नाही, अशी त्यांची अट आहे. मधल्या वेळात वजीर कोठे न्यावा, याचा विचार काका जेवतानाही करत असतात आणि काकूंना त्यांच्याकडून दोनदा विचारूनही आमटी हवी की नको याचे उत्तर मिळत नाही.

कृत्तिका (रत्नागिरी), १८ एप्रिल २०२०

वेळ कमी असल्याने थोडक्यात लिहिते. सूर्यास्तानंतर पश्चिमेला जो अतिशय तेजस्वी ठिपका दिसतो तो शुक्र आहे. ३ एप्रिलला तो कृत्तिकांच्या पुंजक्यातून गेला आणि असा योग साधारण ८ वर्षांनी येतो. या महिन्याच्या अखेरीस त्याचे तेज सर्वाधिक असेल आणि मेच्या शेवटी तो मावळतीच्या प्रकाशात हरवेल. पहाटे गुरू, शनी आणि मंगळ आग्नेयेकडे दिसतात. नाना पहाटे उठणारे आहेत, म्हणून सुचवले. खिडकीच्या गजाशी ग्रहाची जागा जुळवून रोज एकाच वेळी खूण केली, तर त्याचे सरकणे दुर्बिणीशिवाय कळते.

बोरू (सातारा), १९ एप्रिल २०२०

नाना हिशेब विभागात होते हे वाचून लिहावेसे वाटले. त्यांना मोडी लिपी शिकवून पाहा.

साधारण १९५०च्या आसपासपर्यंत ती शाळांत शिकवली जात होती, म्हणजे नानांच्या वडिलांना आणि आजोबांना ती नक्की येत असणार. घरात जुने खत, पत्र किंवा हिशेबाची वही असेल तर ती बहुधा मोडीतच असेल. बाराखडीचे तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. आधी पानभर आडव्या रेघा आखायच्या आणि मग हात न उचलता अक्षरे त्या रेघेखाली ओवत जायची. बोरू नसला तरी चालतो, बॉलपेन पुरते. अक्षरे स्वतंत्रपणे ओळखणे आठवड्यात जमते. खरी परीक्षा त्यापुढे आहे, कारण काही अक्षरे काना-मात्रा लागताच रूप बदलतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळीच्या आरंभापासून अंतापर्यंत अक्षरांची एकच माळ असते आणि शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे असते. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपण सगळेच ऐकतो. तिला कागदोपत्री आधार नाही, पण मोडी वाचायला बसल्यावर ती का प्रचलित झाली असेल हे समजते.

शब्दकोड्याची सवय असलेल्या माणसाला ही लिपी धरून ठेवते, असा माझा अनुभव आहे. आकड्यांत मात्र नाना तुम्हाला शिकवतील. पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. ६॥ लिहिले असेल तर ते साडेसहा.

नीलमोहर (पुणे), ३ मे २०२०

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला.

मी सर्व प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून नानांना वाचायला दिले. पक्ष्यांची वही त्यांनी चार दिवस ठेवली आणि नंतर ती आमच्या मुलीकडे गेली. तिने तांबट पाहिला, नानांनी अजून पाहिलेला नाही. शुक्र आम्ही रोज पाहतो. स्पष्टवक्ता, तुमचा राग आला नाही, उलट त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावरच्या पाच जणांना एकाच वेळी फोनवर जोडून दिले. पहिले दहा मिनिटे सगळे एकदम बोलत होते आणि कोणालाच काही ऐकू आले नाही, तरी ते सगळे खूश होते. आता रोज साडेपाचला हा कट्टा भरतो.

वाकळीबद्दल वाचून सासूबाईंनी त्यांची जुनी लुगडी बाहेर काढली, परंतु नानांनी सुई हाती घेतली नाही. त्यांच्या मनाने धरली ती मोडी. माळ्यावरच्या पेटीतून त्यांच्या आजोबांच्या सासवडच्या किराणा दुकानाची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, निघाली आहे, शके १८४७ सालची, म्हणजे १९२५-२६ची. वाळवी लागलेली नाही, कोपरे तेवढे उंदराने कुरतडले आहेत. आता जेवायला तीन हाका माराव्या लागतात.

नीलमोहर (पुणे), ३० मे २०२०

सून टंकलेखन करीत आहे, मजकूर माझा आहे. नाना.

बोरू यांस नमस्कार. कित्ता गिरवून झाला, रोजकीर्दीची ४० पाने लावली. गूळ, खोबरे, सूत, रॉकेल हे शब्द आता दुरूनच ओळखू येतात. आजोबांचे अक्षर महिनाअखेरीला बिघडते, हे माझ्याही बाबतीत खरे होते. बेरजा तपासल्या. एके ठिकाणी दोन आण्यांचा फरक आहे, तो त्यांनी पुढच्या पानावर मुकाट्याने दुरुस्त केला आहे.

अडले आहे ते पान ४१वर. ओळ अशी आहे : 'येणेरुपये६॥बाळाजीवाकडे'. हे 'बाळाजी वाकडे' असे आडनावासह वाचायचे, की 'बाळा जीवाकडे', म्हणजे जीवाचा मुलगा बाळा याच्याकडे, असे वाचायचे? दोन्ही अर्थ लागतात. कट्ट्यावर मतदान घेतले, तीन विरुद्ध दोन झाले, पण मतदानाने हिशेब ठरत नसतो. साडेसहा रुपये त्या काळी थोडे नव्हेत. येणे कोणाकडे राहिले, ते मला कळले पाहिजे.

बोरू (सातारा), ३० मे २०२०

नानासाहेब, नमस्कार. एका ओळीवरून याचा निर्णय करू नका. 'कडे' हा शब्द येणे दाखवताना येतो. हीच रक्कम पुढे फिटली असेल तर जमेच्या बाजूला ती नावानिशी आणि 'कडे'शिवाय लिहिलेली असेल. तेथे 'वाकडे' दिसले तर ते आडनाव, नुसते 'बाळा जीवा' दिसले तर तुमचा दुसरा अर्थ बरोबर. सुगीनंतरची पाने आधी पाहा, उधारी बहुधा तेव्हा फिटत असे. रक्कम एकदम न येता दोन-तीन हप्त्यांत आली असण्याची शक्यताही धरा. पान ४१चे छायाचित्र उजेडात काढून येथे लावलेत, तर मीही आज रात्री बसतो.