वॉटरप्रूफ लायनर-मस्कारा डोळ्यांना त्रास न होता कसा काढायचा? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, माझी लेक भरतनाट्यम करते आणि सध्या कार्यक्रमांवर कार्यक्रम चालू आहेत, स्टेजचा मेकअप म्हणजे लायनर पार कानशिलाकडे ओढलेला, वर मस्काराचे थर आणि सगळं वॉटरप्रूफच लागतं कारण लाइट्सखाली घामाने ओघळून चालत नाही. पण रात्री काढताना डोळे लालबुंद होतात आणि कापसावर पापण्यांचे केस दिसतात, जीव कासावीस होतो हो बघून.

नुसत्या फेसवॉशने हे निघत नाही, मेण आणि सिलिकॉन असतं ना त्यात, तेलकटच काहीतरी लागतं. म्हणून तेल आणि पाणी असा दोन थरवाला रिमूव्हर नीट हलवून कापसावर घेते, मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट तसाच धरते आणि मग न चोळता अलगद खाली पुसते. वरचं बरंच निघतं पण पापणीच्या अगदी मुळाशी काळी रेघ राहतेच, तिथे तुम्ही काय करता? इअरबड फिरवायची मला भीती वाटते.

सासूबाई खोबरेल तेल म्हणतात, पण तेल डोळ्यात गेलं की तिला बराच वेळ धूसर दिसतं, शिवाय पिंपल्सही येतात. लेन्स असतात तिला, त्या आधी हात धुऊन काढतोच.

क्लेन्झिंग बाम, म्हणजे मेकअप विरघळवणारं ते घट्ट तेलकट क्रीम, डोळ्यांजवळ कोणी वापरलाय का? बिनवासाचा, न झोंबणारा कुठला? नाचणाऱ्या किंवा मेकअप करणाऱ्या कोणी असाल तर प्लीज सांगा, शनिवारी परत कार्यक्रम आहे.